तट्टाच्या छातीतला आवाज



घोड्याच्या हृदयावर व्याख्यान, आणि तेही रत्नागिरीत, हे ऐकून काहींना नवल वाटलं असेल. कोकण हा घोड्यांचा मुलूख कधीच नव्हता. जांभ्याचे सडे, उतरत्या पाखाड्या, जागोजागी आडव्या येणाऱ्या खाड्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची खाचरं. इथला माल वाहिला तो बैलांनी, पडावांनी आणि माणसांच्या डोक्यांनी. घोडदळ गाजलं ते घाटावर. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पशुवैद्यही जन्मभर गाई-बैलांत राहिले. तरीही मी तट्टाचा विषय घेतला, कारण आज आपल्या जिल्ह्याचा घोड्याशी तीन ठिकाणी संबंध येतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या छातीला कान लावणारं माणूस क्वचित भेटतं.

पहिलं ठिकाण सर्वांच्या डोळ्यांसमोरचं. गणपतीपुळ्याला, दापोलीजवळच्या मुरूडला सुट्टीच्या दिवसांत वाळूवर पोरांना फिरवणारी तट्टं आणि घोडागाड्या आपण पाहतो. दुसरं ठिकाण सडकेवरचं. दिवाळीनंतर घाट उतरून धनगरांचे वाडे खाली येतात, कापलेल्या भाताच्या शेतांत मेंढ्या बसतात आणि वाड्याचा सगळा संसार, करडं-कोंबड्यांसकट, घोड्याच्या पाठीवर असतो. हा घोडा म्हणजे भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातला, अंगाने लहान, पायाने पक्का. देशी घोड्यांची आठवी जात म्हणून त्याची अलीकडेच अधिकृत नोंद झाली. एकेकाळी मराठ्यांच्या फौजेत मिरवलेलं हे जनावर आज मेंढरांमागे चालतं, म्हणूनच ते टिकलं असं माझं मत आहे. पागेत ठेवलं असतं तर केव्हाच संपलं असतं.

तिसरं ठिकाण दिसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये सर्पदंशावरच्या लसीच्या कुप्या असतात. ती लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या अंगात प्रतिविष तयार करतात आणि त्याचं रक्त काढून ते वेगळं करतात. फुरशाशी रत्नागिरीचं जुनं वैर आहे. इंग्रजी अमलात सरकारने बक्षीस लावलं तेव्हा, डिसेंबर १८६२ मध्ये, या एका जिल्ह्यात आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी मारल्याची नोंद आहे. या सभागृहात फुरशाच्या दंशातून लस घेऊन वाचलेलं कुणी बसलेलं असेल, तर त्याच्या अंगात कधीतरी घोड्याच्या रक्ताचा अंश फिरून गेलेला आहे. एवढं नातं एका व्याख्यानाला पुरेसं आहे.

आता हृदयाकडे येऊ. घोड्याच्या हृदयाचं वजन त्याच्या वजनाच्या साधारण शंभराव्या भागाएवढं असतं. शर्यतीच्या घोड्याचं चार-पाच किलोचं, आपल्या तट्टाचं दोन-अडीच किलोचं. ‘फार लॅप’ या गाजलेल्या घोड्याचं ६.२ किलोचं हृदय ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलं आहे. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस ते चाळीसच्या घरात असते, तट्टाची जराशी जास्त. तोच घोडा भरधाव सुटला की ती दोनशेच्या पुढे जाते. आपलं हृदय विश्रांतीच्या अडीचपट-तिप्पट धावतं, घोड्याचं सहा-सात पट. हा पल्ला लक्षात ठेवा, कारण झडपेत थोडी खोट असली तरी घोडा ती वर्षानुवर्षं कशी पचवतो त्याचं उत्तर याच पल्ल्यात आहे.

माणसाच्या हृदयाचं शास्त्रही बरंचसं घोड्याच्या छातीवर शिकलं गेलं. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने एका घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीच्या रोहिणीत नळी घातली आणि काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फूट तीन इंच चढलेलं पाहिलं. रक्तदाबाचं हे पहिलं मोजमाप १७३३ मध्ये छापून आलं. फ्रान्समध्ये शोव्हो आणि मारे यांनी १८६०च्या सुमारास जाग्या, उभ्या घोड्याच्या हृदयात नळ्या सरकवून आतला दाब कागदावर उतरवला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर घोड्यातही होते, हे थॉमस लुईस यांनी १९११च्या सुमारास दाखवलं. घोड्याच्या वाट्याला यातून काय आलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

लाएनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसात कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. आपण तट्टाच्या बाबतीत अजून त्याच यंत्रावर आहोत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ते वापरण्याची रीत आहे. घोड्याचं हृदय पुढच्या पायाच्या मागे, कोपराच्या आत दडलेलं असतं. डावा पाय थोडा पुढे घ्यायला लावून स्टेथोस्कोपचं तोंड कोपराखाली पुढे सरकवावं लागतं. आधी डावीकडे, खालून वर तीन जागी. मग उजवीकडे. उजवी बाजू बहुतेक जण सोडून देतात, आणि नेमकं जन्मजात दोषाचं सर्वांत मोठं चिन्ह तिथेच असतं. किनाऱ्यावर हे काम होत नाही. लाटांच्या गाजेत छातीतला हलका आवाज बुडून जातो. पहाटे, पोरं जमायच्या आत, माडाबागेच्या आडोशाला जनावर घ्यावं आणि एक हात जबड्याखालच्या नाडीवर ठेवून ऐकावं. नाडीवर हात नसेल तर कानात पडलेला आवाज ठोक्याच्या आधीचा की नंतरचा, ते कळत नाही.

निरोगी घोड्याच्या छातीत दोन नव्हे, चारपर्यंत ठोके ऐकू येतात. ठळक असतात ते दोन. पहिला वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतानाचा, दुसरा हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या झडपा मिटतानाचा. आणखी एक गंमत आहे. निवांत घोडा अधूनमधून एखादा ठोका चक्क गाळतो. तीन-चार नियमित ठोके, मग एक मोकळी जागा, मग पुन्हा सुरळीत. मालक घाबरतो. पण हृदयाला सावकाश चालवणाऱ्या नसेचा तो अंमल आहे आणि चांगल्या कमावलेल्या घोड्यात तो जास्तच दिसतो. चार पावलं दुडकी चालवा, गाळलेले ठोके परत येतात. परत आले नाहीत, किंवा ठोक्यांना कसलाच ताळमेळ नसेल, तर मात्र तो वेगळा आजार.

दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत जो सूं, सर्र किंवा घर्र असा लांबट आवाज येतो, तो मर्मर. रक्त वाहिन्यांतून सरळ, थराथराने वाहत असतं तोवर त्याचा आवाज होत नाही. त्याचा वेग वाढला, ते पातळ झालं किंवा वाटेत कडा आली की त्यात भोवरे उठतात आणि भोवऱ्यांचा आवाज होतो. आपल्या पऱ्ह्याचंच पाहा. खोल डोहातून जाणारं भरपूर पाणी गप्प असतं, आणि दोन दगडांच्या फटीतून निघणारी वीतभर धार खळखळते. खळखळीवरून पाणी किती ते ठरवायला गेलात तर फसाल.

हृदयातही तसं फसायला होतं. मर्मराच्या सहा प्रती लावतात. पहिली इतकी हलकी की शांत खोलीत लक्ष देऊन ऐकावी लागते. चौथी मोठी. पाचवीला छातीवर ठेवलेल्या तळहाताला थरथर लागते. सहावी स्टेथोस्कोप छातीपासून किंचित उचलला तरी ऐकू येते. ही मोजणी आवाजाची आहे, आजाराची नाही. डाव्या आणि उजव्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक असणं हा घोड्यांतला सर्वांत जास्त आढळणारा जन्मजात हृदयदोष. वेल्श डोंगरी तट्टांत तो विशेष दिसतो. डावीकडचा दाब उजवीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे भोक लहान असेल तर रक्त जोराने फुटतं आणि उजव्या बाजूला पाचव्या प्रतीचा खरखरीत मर्मर येतो. असं तट्टू हलक्या कामात आयुष्य काढू शकतं. भोक मोठं असेल तर दोन्हीकडचे दाब जवळ येतात, धार मंदावते, आवाज उतरतो, आणि ते शिंगरू वाढत नाही. ‘शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ असं आपण म्हणतो. आईमागे धावताना बरोबरीची शिंगरं टिकतात आणि एकच मागे पडून धापा टाकतं, तेव्हा त्या एकाची छाती दोन्ही बाजूंनी ऐकावी. नुकत्याच जन्मलेल्या शिंगरात मात्र पहिले काही दिवस मर्मर असतोच. गर्भातली एक वाहिनी मिटायला तेवढा वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी निदान करून मोकळे होणाऱ्यांनी आठवडाभर थांबावं.

पुष्कळ मर्मर निरुपद्रवी असतात. डाव्या बाजूला वरच्या जागी, पहिल्या ठोक्यानंतर लगेच येणारा आणि दुसऱ्याच्या आधीच विरणारा हलका आवाज हा रक्त महारोहिणीत शिरतानाच्या वेगाचा असतो. तो आज असतो, उद्या नसतो. जनावर बिथरलं की वाढतो. उजवीकडच्या झडपेची थोडी गळती तर शर्यतीच्या धट्ट्याकट्ट्या घोड्यांतही सर्रास ऐकू येते.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकांत मिळेल. पण ती पुस्तकं बहुतेक शर्यतीच्या आणि हौशी स्वारीच्या घोड्यांवर लिहिलेली आहेत. तिथल्या डॉक्टरला मर्मर ऐकू आला की तो झडपेचा विचार करतो, कारण त्याच्यासमोरचा घोडा पोटभर खाल्लेला, जंतांचं औषध वेळेवर मिळालेला, तबेल्यात जाळीआड राहणारा असतो. आपल्यासमोरचं तट्टू तसं नाही. त्याच्या छातीत मर्मर ऐकू आला तर आपण आधी त्याच्या पापण्या उलटून पाहाव्यात.

पापण्या आणि हिरड्या फिक्या असतील तर रक्तात तांबड्या पेशी कमी आहेत. असं रक्त पातळ असतं आणि ते पुरवण्यासाठी हृदयाला जोरात फिरवावं लागतं. वेग वाढला, घट्टपणा घटला, म्हणजे भोवऱ्यांची दोन्ही कारणं हजर. झडपा धड असूनही मर्मर येतो. रक्त सुधारलं की तो जातो.

रक्त का घटतं? एक कारण सरा. डांस, म्हणजे मोठी चावरी माशी, एका जनावराचं रक्त पिता पिता दुसऱ्याला चावते आणि तोंडातून ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा सूक्ष्म जीव पोचवते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. आजाराचं कारण हाच जीव आहे असं त्याने सांगितलं, तेव्हा त्याच्या वरिष्ठांना ते पटलं नाही. घोड्यात हा आजार येऊन-जाऊन चढणारा ताप, खाऊनही रोडावणं, फिकेपणा आणि पोटाखाली, पायांवर सूज अशा रूपाने येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या माजतात, दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात. किनाऱ्यावर उंट आणि घोडे एकाच सावलीत बांधलेले मी पाहतो तेव्हा मला इव्हान्सची आठवण होते, कारण उंट हा रोग अंगात बाळगून महिनोन्‌महिने चालतो.

दुसरं कारण गोचिडांमुळे होणारा तांबड्या पेशी फोडणारा ताप. तिसरं सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित, पोटातले जंत. आतड्याला चिकटणारे जंत रक्त घालवतात आणि रक्तातली प्रथिनंही घालवतात. प्रथिनं घटली की पाणी रक्तवाहिन्यांत राहत नाही, पोटाखाली उतरतं.

आता पेच पाहा. एका तट्टाच्या छातीत तिसऱ्या प्रतीचा मर्मर आहे, पोटाखाली दाबल्यावर खळगा पडणारी सूज आहे, ते लवकर थकतं. हृदय निकामी होण्याचं वर्णन शब्दशः हेच. सऱ्याचं आणि जंतांचंही हेच. चुकीच्या दिशेने गेलात तर मालक महिनाभर लघवी वाढवणारं औषध पाजेल आणि तट्टू सऱ्याने मरेल. फरक करायचा तर मानेची शीर पाहा. हृदय थकलेलं असेल तर डोकं वर असतानाही ती भरलेली आणि उडती दिसते, आणि विश्रांतीतली नाडी साठच्या पुढे असते. अर्थात रक्त फार घटलं तरी नाडी वाढते, म्हणून नुसत्या नाडीवर भिस्त नको. ताप चढलेला असताना रक्त काचेवर पसरून तपासा, कारण ताप उतरल्यावर जीव सापडणं कठीण. शेण तपासा. रक्त घेताना जनावर शांत असू द्या. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचं कोठार आहे. ते घाबरलं की प्लीहा आवळते आणि पेशींचं प्रमाण झटक्यात वाढतं. दोन माणसांनी ओढून धरलेल्या तट्टाचं रक्त प्रयोगशाळेत चांगलं दिसतं आणि घरी ते फिकंच असतं.

लसीसाठी रक्त देणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत, रक्त घटू द्यायचं नाही हा धडा उद्योगाने कधीच घेतला आहे. काढलेल्या रक्तातला द्रव ठेवून तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. वाळूवरच्या तट्टाला असा हिशेब ठेवणारं कुणी नाही.

रक्तानंतर ऊन आणि ओझं. घोडा घामाने गार होतो. कोकणात मे महिन्यात हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता गळतो. मग हृदय कातडीकडे आणखी रक्त ढकलतं, आणि तेही अर्धपोटी जनावराचं. कोरड्या भुसभुशीत वाळूत ओल्या कठीण वाळूपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. तट्टू पाण्याच्या कडेने चालवावं, हे मालकांना ठाऊक असतं. गिऱ्हाईक मात्र वर, खाऊच्या गाड्यांजवळ उभं असतं. ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच नको. हे नियम कुठे टांगलेले मला दिसले नाहीत. अंगाने भरलेला बाप पोराला पुढ्यात घेऊन बसतो तेव्हा सत्तराचा आकडा केव्हाच मागे पडलेला असतो.

हे सगळं वगळल्यावर जे उरतं ते झडपेचं दुखणं. त्यातलं एक म्हाताऱ्या तट्टांत हटकून भेटतं. महारोहिणीच्या तोंडाची झडप वयाने जाड होते, नीट मिटत नाही, आणि दुसऱ्या ठोक्यानंतर डावीकडे लांब, कधी सुरेल, घुमणारा मर्मर येतो. औषधाने झडप शिवली जात नाही, आणि घोड्याला नवी झडप बसवणं व्यवहारात नाही. आवाजापेक्षा नाडी जास्त सांगते. जबड्याखाली ती उडी मारून एकदम कोसळत असेल तर गळती मोठी आहे. अशा घोड्याच्या हृदयाची लय श्रमात बिघडून तो चालता चालता कोसळू शकतो. मोठ्या शहरात सोनोग्राफीने रक्ताची उलटी धार पाहता येते, घोडा पळवत ईसीजी काढता येतो. आपल्याकडे तो सल्ला देऊन उपयोग नाही. मी एवढंच सांगतो, त्याच्या पाठीवर पोर बसवू नका. रिकामा फिरवा, हलकं सामान द्या, चारा तोडू नका.

मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला, “मग विकू का?” विकतो आणि तट्टू दुसऱ्या किनाऱ्यावर जातं. आवाज त्याच्याबरोबर जातो, कागद काहीच जात नाही. माथेरानला, मोटारींना अजून बंद असलेल्या त्या डोंगरावर, घोड्यांना निदान परवाना तरी असतो. परवान्याच्या नूतनीकरणाला हृदयाची नोंद जोडायला काय हरकत आहे? आपल्या किनाऱ्यांवरही हे करता येईल. तारीख. आवाज कोणत्या बाजूला, कोणत्या ठोक्यानंतर, कोणत्या प्रतीचा. विश्रांतीतली नाडी, आणि दुडकी चालवून थांबल्यावर दहा मिनिटांनी किती. पापण्यांचा रंग. शेणाचा अहवाल. अर्ध्या पानात बसतं. अशी नोंद असली की किंमत पडेल, ही मालकांची भीती पहिल्या वर्षी खरी ठरेल. पण उजवीकडे दुसऱ्या प्रतीचा मर्मर, सहा वर्षं तसाच, नाडी दहा मिनिटांत चाळीसवर, असं लिहिलेलं तट्टू मी स्वतः विकत घेईन, आणि ज्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही ते घेताना आधी उजव्या कोपराखाली स्टेथोस्कोप सरकवीन.